अंगदुखीची गोळी: कशासाठी, किती आणि कोठवर?

‘सगळे अंग ठणकते, पण तपासणीत काहीच सापडत नाही,’ हे वाक्य घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या तोंडून अनेक वाचकांनी ऐकले असेल. रक्ताचे अहवाल समाधानकारक असतात. क्ष-किरण चित्रात वयोमानाने येणारी झीज तेवढी दिसते. तरीही मान, खांदे, पाठ, कंबर आणि मांड्या महिनोन्‌महिने दुखतात आणि रात्रभर पडून राहूनही सकाळी थकवा उतरलेला नसतो. घरच्यांना हे दुखणे मनाचे वाटू लागते आणि वेदनेच्या जोडीला रुग्णाच्या वाट्याला अविश्वासही येतो. या लक्षणसमूहाला वैद्यकशास्त्र फायब्रोमायल्जिया म्हणते. वृद्धापकाळी त्यावर औषध घेताना कोणते तारतम्य बाळगावे, याचा विचार या लेखात करू.

सोलापूर हे श्रमणाऱ्या हातांचे शहर आहे. यंत्रमागापुढे उभे राहून आयुष्य घालवलेले कामगार आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांना अंगदुखी नवी नाही. म्हणूनच ती ‘कामाची’ किंवा ‘वयाची’ म्हणून सोडून दिली जाते. पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दुखण्यांची घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांची दुखणी असल्याचे तीत आढळले. आमवात मात्र दोनशे जणांत जेमतेम एकाला होता. सारांश, दुखणारे पुष्कळ असले तरी त्या साऱ्यांचे दुखणे एक नसते आणि औषधही एक नसते.

फायब्रोमायल्जियात स्नायूंना सूज नसते आणि सांधेही झिजत नाहीत. बिघाड असतो तो वेदनेचा संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत. एकेकाळी सोलापूरचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर चाले. पाळी सुटलेली नसतानाही तो भोंगा वाजतच राहिला तर काय होईल, याची कल्पना करावी. येथे तसेच घडते. इजा नसते, पण इशारा थांबत नाही. त्यामुळे सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. वृद्धांत त्यांचा तोटा मात्र ठरलेला असतो. पोटात व्रण होणे, रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडावर ताण येणे हे धोके त्यांत आहेत.

साठीनंतर प्रथमच सर्वांगाला दुखू लागले, तर ते फायब्रोमायल्जियाच आहे असे गृहीत धरू नये. थायरॉइडची कमतरता, ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन औषधे आणि ठिसूळ मणक्यांचे अस्थिभंग यांनीही असेच दुखते. खांदे व कंबरेत सकाळी तासभर आखडलेपण आणि रक्ताचा ईएसआर वाढलेला असेल, तर पॉलिमायल्जिया हा निराळाच विकार असू शकतो. ताप, घटते वजन, हातापायांतील शक्ती कमी होणे किंवा नव्याने सुरू झालेली डोकेदुखी व अंधूक दिसणे यांपैकी काहीही असल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे.

निदान पक्के झाल्यावर औषधांचा विचार येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फायब्रोमायल्जियासाठी प्रीगाबालिनला २००७ साली, ड्युलोक्सेटिनला २००८ साली आणि मिल्नासिप्रानला २००९ साली मान्यता दिली. अमिट्रिप्टिलिन हे जुने औषधही कमी मात्रेत वापरले जाते. यांतील एकही औषध आजार मुळापासून काढत नाही. काही रुग्णांना स्पष्ट आराम पडतो, काहींना थोडा, तर बऱ्याच जणांना मुळीच नाही. वेदना सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली, तरी तो फायदा अर्थपूर्ण मानला जातो.

प्रीगाबालिनने झोप सुधारू शकते, पण गुंगी, तोल जाणे, पायांवर सूज आणि वजनवाढ संभवते. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून रक्तातील क्रिएटिनिन पाहूनच मात्रा ठरवावी लागते. दमा वा फुप्फुसाचा जुना विकार असल्यास, किंवा झोपेची गोळी चालू असल्यास, श्वसन मंदावण्याचा धोका वाढतो. तंबाखूच्या धुळीत वर्षे काढलेल्या विडी कामगार स्त्रीने आपल्या दम्याची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

ड्युलोक्सेटिनची पट्टी पाहून कोणी ‘ही तर नैराश्याची गोळी’ असे म्हणाले, की घरातले लोक ती परस्पर बंद करतात. ते योग्य नाही. मेंदूकडून मज्जारज्जूकडे वेदना दाबणारे जे संदेश जातात, त्यांना हे औषध बळ देते. नैराश्य नसलेल्या रुग्णालाही त्याचा उपयोग होतो. मात्र यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास ते टाळतात. ॲस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो, वृद्धांत रक्तातील सोडियम उतरू शकते आणि ट्रॅमाडॉलसोबत घेतल्यास गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. ही कॅप्सूल उघडू वा चावू नये.

अमिट्रिप्टिलिनविषयी वृद्धांत विशेष सावधगिरी हवी. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, विस्मरण, हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि काचबिंदू बळावणे या तक्रारी त्यातून उद्भवतात. त्यात या औषधाने घाम कमी येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा न सुटणारा घाम म्हणजे उष्माघाताला निमंत्रण. मार्चपूर्वीच डॉक्टरांशी याविषयी बोलून घ्यावे.

स्टेरॉइड आणि तीव्र अफूजन्य वेदनाशामके या आजारात देऊ नयेत, असे तज्ज्ञांचे स्पष्ट मत आहे. घटक न लिहिलेल्या, ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या पुड्या घरात आणू नयेत. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड आढळले आहे. आणखी एक खबरदारी शुश्रूषा करणाऱ्याने घ्यावी. आपल्याकडे प्रीगाबालिन हे मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिनसोबत एकाच गोळीत मिळते. एका डॉक्टरांनी ‘नसांची’ म्हणून आणि दुसऱ्यांनी ‘कंबरेची’ म्हणून दिलेल्या दोन पट्ट्यांत तेच औषध असू शकते. म्हणून नाव नव्हे, घटक वाचावेत, आणि सर्व पट्ट्या एका पिशवीत घालून प्रत्येक भेटीला न्याव्यात.

गोळी सुरू करताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: ती कशासाठी आहे, किती दिवसांनी उपयोग कळेल, आणि उपयोग झाला नाही तर ती कशी थांबवायची? दुखणे शून्यावर येणे हे माप धरले, तर एका गोळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढते. शेवटी दुखणे राहतेच, आणि रात्री लघवीला उठताना गुंगीत पडून खुब्याचे हाड मोडते. त्यापेक्षा साध्या वहीत तीन नोंदी ठेवाव्यात: रात्रीची झोप, दिवसभरात चाललेली मिनिटे आणि गुंगी वा तोल जाणे. चार ते सहा आठवड्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. फायदा नसेल, तर औषध त्यांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे. एकदम बंद करू नये.

युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सर्व उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम शिफारस मिळाली ती केवळ व्यायामाला. औषधांची शिफारस सौम्यच राहिली. तेव्हा सकाळी उन्हे चढण्यापूर्वी पाच मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सारी कामे उरकू नयेत. औषधाने झोप सुधारली आणि त्या झोपेच्या बळावर पाय घराबाहेर पडले, तर ते औषध कामी आले असे समजावे. घरच्यांनी सोबत चालावे आणि ‘दुखते’ म्हटले की ते खरे मानावे. त्या विश्वासाला कोणताही दुष्परिणाम नाही.