गोगलगायीची पिल्लं पाळणाऱ्यांनो, उरलेली कुठं सोडणार?



हल्ली मोबाईलवर एक नवाच छंद दिसतो. मोठी शंखी गोगलगाय डब्यात पाळायची, तिनं अंडी घातली की ती जपायची, पिल्लं निघाली की व्हिडिओ टाकायचा. आणि पिल्लं फार झाली की म्हणायचं, "कुणाला पाहिजेत का? फुकट देतो." परवा शहरातल्या एका पोरानं मला मेसेज करून विचारलं, "दादा, अंडी घातलीत, काळजी कशी घेऊ?" त्याला दिलेलं उत्तर इथंही देतो, कारण विचारणारा तो एकटा नाही.

अंडी उबवू नका. बाहेर टाकू नका. कुणाला देऊ नका. घातली त्याच दिवशी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवा, मगच कचऱ्यात टाका. शंखीच्या अंड्यांची एवढीच काळजी घ्यायची असते.

लगेच कुणी म्हणेल, शेतकरी निर्दयी. थांबा, आधी हिशोब बघा.

ही शंखी आपल्या मातीतली नव्हे. मूळची पूर्व आफ्रिकेतली. हिच्यात नर-मादी असा भेद नाही, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. एकदा जोडी लागली की पुढं कित्येक महिने परत जोडी न लागताही अंडी येत राहतात. एका वेळी शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त. साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी, ओल्या मातीत बोटभर खोल. आठ ते पंधरा दिवसांत पिल्लं निघतात. आधी आपल्याच अंड्याचं टरफल खातात, काही दिवस मातीतच राहतात, मग वर येतात. सहा महिन्यांत तीही अंड्यावर. आयुष्य तीन ते पाच वर्षं.

आता सांगा, एका डब्यात मोठ्या गोगलगायी मावतात किती? दोन, फार तर तीन. दोनशे अंड्यांतली निम्मीच जगली तरी शंभर पिल्लं. तीन ठेवली. बाकीची सत्त्याण्णव कुठं गेली? याचं उत्तर त्या व्हिडिओत कधीच नसतं. ती सोसायटीच्या बागेत जातात, नाल्याकाठी जातात, कुंडीतल्या मातीबरोबर नर्सरीत जातात आणि नर्सरीतून रोपांच्या पिशवीत बसून आमच्या बांधावर येतात. गोगलगाय स्वतःच्या पायानं रात्रीत काही मीटर चालते. जिल्हे तिनं आपल्या गाड्यांवर बसून ओलांडलेत.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकानं मॉरिशसहून काही जिवंत शंखी कलकत्त्याला आणल्या. चौरंगीतल्या एका बागेत त्या सुटल्या. भारतातल्या शंखीची गोष्ट तिथून सुरू होते. एका माणसाचं कुतूहल, आणि पावणेदोनशे वर्षांनी मराठवाड्यातला माणूस रात्री बॅटरी घेऊन सोयाबीनमध्ये वाकलेला.

तिकडं अमेरिकेतही तेच. १९६६ साली मायामीतला एक मुलगा हवाईहून तीन शंखी पाळायला घेऊन आला. त्याच्या आजीनं त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर शंखी सापडल्या. निपटारा करायला सुमारे दहा वर्षं आणि दहा लाख डॉलर गेले. तीन गोगलगायींचे! त्यांच्याकडं सरकार मागं लागलं, पैसा ओतला, घरोघर फिरून वेचल्या. आपल्याकडं कोण फिरणार आहे?

२०२२ चा खरीप आठवा. लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीन नुकतंच दोन पानांवर आलेलं, पाऊस उघडेना, आणि शंखीनं रातोरात ओळीच्या ओळी साफ केल्या. सकाळी रानात गेलं तर रोप नाही, नुसता चकाकणारा चिकट माग. एकरी तीस किलो बियाणं, खत, पेरणीचं भाडं, सगळं परत. दुबार पेरणी करायची तर हंगाम मागं सरकतो, उतारा घटतो. पिकाचं जाऊ द्या, उंदरातून येणाऱ्या एका जंताची पिल्लं या गोगलगायीच्या अंगात असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. लेकरांच्या उघड्या हातावर शंखी चालवून फोटो काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता पाळणाऱ्यांचं म्हणणं. एक म्हणतात, गरीब प्राणी आहे, कुणाला चावत नाही. आपल्या जुन्या माणसांनी उगाच नाही म्हटलं, गोगलगाय आन् पोटात पाय!

दुसरे म्हणतात, आमची डब्यातच राहते. राहील. पण अंडी? पिल्लू निघतं तेव्हा ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडंच मोठं असतं. डबा धुताना जुनी माती कुठं टाकता? कुंडीतच ना?

तिसरे म्हणतात, अंडी मारणं पाप आहे. या मुद्द्यावर मात्र मी अडून बसणार. पाप असेल तर ते फक्त दुसऱ्याच्या खात्यावर टाकता तुम्ही. पहिल्या दिवशीच्या अंड्यात अजून जीव म्हणावा असं काही घडलेलं नसतं. ते तुम्ही जपता, त्याची वाढलेली गोगलगाय होते, आणि मग आम्ही ती वेचून मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकतो. बादल्याच्या बादल्या. फेस येतो, वास येतो, कुणालाच ते काम गोड लागत नाही. वर गोळ्यांचं विष टाकावं लागतं, त्यात कुत्री-पाखरं दगावायची भीती. तुम्ही एक पिशवी फ्रीजरमध्ये ठेवायला कचरता आणि आम्ही हजारो मारायच्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

आणि एक गंमत ऐका. इंग्लंडमध्ये ही शंखी पाळायला मुभा आहे. तिथल्या हौशी लोकांतही रीत हीच: अंडी दिसली की गोठवा. पाळणाऱ्यांनाच कळलंय की सगळी पिल्लं वाढवणं शक्य नाही. आपल्याकडं मात्र त्यांचा छंद आला, त्यांची शिस्त आली नाही.

व्हिडिओत सांगतात ते चूक नाही बरं का. ओलसर कोकोपीट ठेवा, पाणी शिंपडा, हलवू नका, पिल्लांना काकडी द्या, शंख घट्ट व्हायला अंड्याच्या टरफलाची पूड द्या. सगळं बरोबर. फक्त ही सगळी सोय आषाढात आमचा बांध फुकट करतो. पालापाचोळा, ओल, कोवळी पानं. तिला तुमच्या मायेची गरजच नाही. गरज आहे ती आमच्या रोपाला.

लेकरांना निसर्ग दाखवायचाय? जरूर दाखवा. बाल्कनीत कढीपत्ता नाहीतर लिंबाचं रोप लावा. फुलपाखरू येऊन अंडी घालतं, सुरवंट होतो, कोष होतो, उडून जातं. सगळा खेळ डोळ्यांसमोर, आणि सोडून दिलं तरी कुणाचं रान बुडत नाही, कारण ते इथलंच आहे.

ज्यांच्याकडं शंखी आधीच आहे त्यांनी ती बाहेर सोडू नये, दर आठवड्याला माती चाळून अंडी काढावीत, हातमोजे घालावेत. आणि आपल्या लोकांनाही सांगतो: नर्सरीतून रोपं आणली की पिशवीची माती बोटभर उकरून बघा. उन्हाळ्यात बांध साफ करा, खोल नांगरट करा, उघडी पडलेली अंडी उन्हात सुकतात. पहिल्या पावसानंतर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधाला टाका, सकाळी उचला. पण हे एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्यानंही त्याच आठवड्यात करायला पाहिजे.

शहरातल्या भाच्याला, पुतण्याला हे वाचायला द्या. पेरणीच्या आधी.