अस्वलाचा ब्लड रिपोर्ट

बाबा गेल्या वर्षी पाय मोडून पलंगाला खिळले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली. ती फुप्फुसात गेली तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा त्यातून निभावले. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून होता. अस्वलं सहा-सहा महिने गुहेत लोळतात, मग त्यांना काहीच कसं होत नाही?

उत्तर स्वीडनमध्ये सापडलं. संशोधकांनी तिथल्या तेरा रानटी तपकिरी अस्वलांचं रक्त दोनदा घेतलं. एकदा ऐन फेब्रुवारीत, बर्फातल्या गुहेत शिरून, गुंगीचं इंजेक्शन देऊन. (ही असाइनमेंट मला नको, थँक यू!) दुसऱ्यांदा जूनमध्ये, स्वारी जंगलात भटकत असताना.

दोन्ही रिपोर्ट म्हणजे जणू दोन वेगळे प्राणी. हिवाळ्यात कोलेस्टेरॉल चढतं, तरी रक्तवाहिन्या साफ. युरिया मात्र उतरतो, कारण त्यातला नायट्रोजन शरीर पुन्हा प्रोटीन बनवायला वापरतं. म्हणून स्नायू फारसे झडत नाहीत. आणि खरी गंमत प्लेटलेट्समध्ये. गुठळीला मदत करणारं 'एचएसपी ४७' हे प्रोटीन हिवाळ्यात तब्बल ५५ पटींनी कमी! २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं.

त्याहून भारी पुढचं. मणक्याच्या दुखापतीमुळे वर्षानुवर्षं हालचाल बंद असलेल्या माणसांतही हे प्रोटीन कमी आढळलं. धडधाकट माणसांना २७ दिवस पलंगावर झोपवलं, तर त्यांच्यातही ते घसरलं. म्हणजे ही युक्ती आपल्यालाही येते, फक्त ती जमायला वेळ लागतो. मधल्या काळात शरीर बेसावध असतं. बाबांची गुठळी नेमकी तेव्हाचीच.

हे बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे मी उठायची घाई केली!"

नाही हो बाबा. अस्वलाला ही तयारी निसर्ग करून देतो, आपल्याला फक्त फिजिओथेरपिस्ट. आणि मलाही. हा कॉलम लिहिताना सलग तीन तास खुर्चीत आहे.

चला, उठते. तुम्हीही उठा. पाय हलवा!