‘सर्व्हर डाऊन’ : अस्मानी की सुलतानी?

स्वस्त धान्य दुकानापुढील रांग असो, तलाठ्याची कचेरी असो की महाविद्यालयातील प्रवेशाची खिडकी असो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आज आपल्या सार्वजनिक जीवनात अंतिम निकालासारखे उच्चारले जाते. या निकालावर अपील नसते. अवर्षणाबद्दल जाब कोणाला विचारायचा, अशा हताशेने माणसे रिकामी पिशवी घेऊन परत फिरतात. सर्व्हर बंद पडणे ही जणू अस्मानी आपत्ती आहे, अशी समजूत समाजात रुजत चालली आहे. ही समजूत सत्ताधाऱ्यांच्या सोयीची आहे. म्हणूनच सर्व्हर म्हणजे काय आणि तो का बंद पडतो, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

सर्व्हर ही काही गूढ वस्तू नव्हे. तो संगणकच आहे. मात्र तो एका माणसापुढे न बसता दूरवरून येणाऱ्या हजारो मागण्यांना उत्तरे देतो. अभिलेख कक्षातील कारकून डोळ्यांपुढे आणावा. खिडकीवर आलेली चिठ्ठी घ्यायची, कपाटातून दप्तर काढायचे, नोंद पाहायची वा करायची आणि उत्तर द्यायचे, हे त्याचे काम. कारकून आजारी पडला, दिवे गेले, खिडकीकडे येणारा रस्ता तुटला, वरिष्ठांनी रातोरात नमुना चुकीचा बदलला किंवा एका सकाळी दहा हजार माणसे दारात उभी राहिली, तर काम थांबते. सर्व्हरही याच कारणांनी थांबतो. त्याची माहिती साठविणारी चकती झिजते, वीज वा थंड हवा खंडित होते, दळणवळणाची तार तुटते, कार्यक्रमात सदोष बदल होतो, किंवा भार पेलवत नाही.

यांतील कोणतेही कारण सर्वस्वी टाळता येत नाही. दक्षिण कोरियासारख्या तंत्रप्रगत देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात विजेच्या बॅटऱ्यांना आग लागली आणि शासनाच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायलींचा एक प्रचंड साठा दुसरी प्रत नसल्यामुळे नष्ट झाला. आग हा अपघात म्हणता येईल. दुसरी प्रत न ठेवणे हा मात्र निर्णय होता. यंत्र केव्हातरी बंद पडणारच, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते बंद पडल्यावर काय करायचे हे आधीच ठरविलेले असले पाहिजे.

भाराचेही तसेच आहे. रांगेचे गणित सरळ रेषेत वाढत नाही. साध्या हिशेबाने पाहता, खिडकीच्या क्षमतेच्या निम्मी माणसे येत असतील तर प्रत्येकाला आपल्या कामाच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो. भार नव्वद टक्क्यांवर गेला की तोच वेळ दहापट होतो आणि नव्व्याण्णव टक्क्यांवर शंभरपट. त्यात उत्तर आले नाही म्हणून प्रत्येकजण पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि रांग आणखी फुगते. २०२३ साली राज्यात एक रुपयात पीकविम्याची योजना आली. दीड कोटींहून अधिक अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. लाखो शेतकऱ्यांना एकाच तारखेकडे कोण ढकलतो? मुदतीची तारीख मंत्रालयात ठरते, खिडकीची रुंदीही तेथेच ठरते. गर्दी होणार हे आधी ठाऊक असताना खिडकी अरुंद ठेवली, तर त्या चेंगराचेंगरीचा दोष गर्दीला देता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नाशिकच्या पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे डोंगराळ आदिवासी तालुके आहेत. तेथील मजूर हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत राबतात. या कुटुंबांना २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क दिला आहे : प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. परंतु तो हक्क अंगठ्याच्या ठशावर टांगलेला आहे. दुकानातील यंत्र, मोबाईलचा मनोरा, राज्याच्या पुरवठा यंत्रणेचा सर्व्हर, मधली जोडणी आणि आधार प्राधिकरणाचे केंद्र अशा किमान पाच कड्यांतून तो ठसा जातो. यांतील प्रत्येक कडी शंभरापैकी नव्व्याण्णव वेळा चालते, असे उदारपणे धरू. तरीही पाचही कड्या एकाच वेळी चालू असण्याची शक्यता पंचाण्णव टक्केच उरते. म्हणजे सगळे ‘उत्तम’ चालले असतानाही शंभरातील पाच खेपा वाया जाणार! शिवाय कष्टाने झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत ती वेगळीच. परत पाठविलेल्या मजुराची दिवसाची मजुरी बुडते; त्याची नोंद कोणत्याही सर्व्हरवर होत नाही.

यावर उपाय नाही काय? १९ जुलै २०२४ रोजी एका अमेरिकी कंपनीने संगणक सुरक्षेच्या कार्यक्रमात सदोष बदल पाठविला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले आणि ते विमानात बसून गेले. विमानाच्या उतारूसाठी जो कागद चालतो, तो पाच किलो तांदूळ मागणाऱ्या बाईसाठी का चालू नये? २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा बोजवारा उडाला, निकाल रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. तेथे पालक व विद्यार्थी बोलू शकत होते, वृत्तपत्रे त्यांचे ऐकत होती. पाड्यावरच्या माणसासाठी कोणाची खुर्ची हलते?

यंत्र आल्यामुळे बोगस कार्डे आणि काळाबाजार यांना आळा बसला, आता पुन्हा कागद आणला तर चोरांचे फावेल, असा प्रतिवाद केला जाईल. तो सर्वस्वी खोटा नाही आणि संगणकाला सरसकट विरोध करण्याचे कारणही नाही. परंतु ठसा जुळल्यानंतर वजनात मारले जाणारे धान्य यंत्राला दिसत नाही, हेही तितकेच खरे. आणि मागणी यंत्र फेकून देण्याची नाही. ते बंद असताना नोंदवहीत नोंद करावी, धान्य द्यावे आणि ते सुरू झाल्यावर त्या नोंदी तपासून चढवाव्यात, एवढेच मागणे आहे. चोराच्या भीतीने मालकालाच उपाशी ठेवणे हा बंदोबस्त नव्हे.

किंबहुना कायदाही याच बाजूचा आहे. आधार नाही वा ठसा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही ओळख न पटल्यामुळे लाभार्थी वंचित राहू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने नोंदविली. हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्नसुरक्षा भत्ता देण्याची जबाबदारी कायद्याच्या आठव्या कलमाने राज्यावर टाकली आहे. कागदावर हे सारे आहे. खिडकीवर मात्र ‘उद्या या’ एवढेच आहे.

म्हणून आपल्या शाखांनी काही ठोस मागण्या हाती घ्याव्यात. यंत्रणा बंद असल्याने परत पाठविलेल्या प्रत्येकाला तारीख, वेळ आणि कारण लिहिलेली सहीची चिठ्ठी मिळावी. यंत्रणा जितके दिवस बंद, तितके दिवस प्रत्येक योजनेची मुदत आपोआप वाढावी. कोणत्या तालुक्यात किती तास काम थांबले, याचा तक्ता दरमहा तहसील कचेरीच्या फलकावर लागावा. सर्व्हरचे काम ज्या कंपनीकडे दिले असेल तिच्या करारातील दंडाच्या अटी जाहीर व्हाव्यात. तोपर्यंत आपल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक दुकानापुढे एक साधी वही ठेवावी आणि रिकाम्या हाताने परतलेल्यांची नोंद करावी. अशा शंभर वह्या माहितीच्या अधिकारातील अर्जाला आणि प्रसंगी न्यायालयातील दाव्याला आधार पुरवतील.

मार्च २०१८ मध्ये जमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी चालत गेलेल्यांत याच डोंगरपट्ट्यातील आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्यांना तहसील कचेरी काही दूर नाही. सर्व्हर बंद पडणे ही यंत्राची बाब असेल; तो बंद असताना चूल पेटायची की नाही, हे मात्र माणसेच ठरवितात. जे माणसे ठरवितात त्याचा जाब माणसांकडे मागता येतो, आणि तो मागितला पाहिजे.