ती कथा परकी नव्हे



पानिपतावर मराठे जिंकतात ती कथा ‘बहुधा परदेशी कथेचे रूपांतर’ असल्याचे मागील अंकातील पत्रलेखक म्हणतात. ती अस्सल मराठी आहे: डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

अर्धवट आठवणारी कथा शोधताना नावापेक्षा एखादा ठसठशीत तपशील धरावा. इथे तो म्हणजे बखरीचे फाटलेले पान. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली. त्या पानावर ती कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकलेल्या दुसऱ्या विश्वात जाऊन आल्याचा कथानायक प्राध्यापक गायतोंडे यांच्याकडचा पुरावा तेवढाच. कथेतले स्पष्टीकरण पुंजभौतिकीतल्या अनिश्चिततेचा आधार घेते.

अनेकांना ती इंग्रजीतली वाटते, कारण एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात ती ‘द ॲडव्हेंचर’ नावाने, संक्षिप्त रूपात आहे.

वसईकराला तर ही कथा परकी वाटूच नये! चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथेच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. नारळीकरांच्या त्या विश्वात हा तह झालाच नसता.

— एक वाचक, वसई