जुलैत येणारा पाहुणा

तुमच्या वर्गात किंवा नात्यागोत्यात असा एक जण नक्की असेल, ज्याचे बाबा 'गल्फ'ला असतात. रत्नागिरीत, चिपळूणला किंवा तिकडे गोव्यात राहत असाल, तर एक सोडून चार जण असतील! काहींचं तर अख्खं कुटुंबच तिकडे. मग एके दिवशी दुबईचा चुलतभाऊ बॅगभर चॉकलेटं नि खजूर घेऊन दारात उभा राहतो. आपण मनात म्हणतो, "मजा आहे बुवा याची!"

मजा आहेच, नाही कोण म्हणतं? पण आज जरा त्याच्या बाजूनंही बघू या.

पहिला प्रश्न : हा पाहुणा नेमका जुलैतच का येतो? आपली सुट्टी एप्रिल-मेमधली. आंबे, फणस, विहिरीत डुंबणं, सगळं तेव्हाच. दुबई-अबुधाबीच्या भारतीय शाळांचं वर्ष मात्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये मिळते. कारण त्या दिवसांत तिथे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास खेळत असतो. ऊन इतकं, की १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे बघा, तो येतो तेव्हा आंबे संपलेले, बाहेर धो धो पाऊस आणि तुम्ही शाळेत! बिचारा आजीबरोबर टीव्ही बघत बसतो. आणि गणपती बहुतेक वेळा येतात ते त्याची शाळा पुन्हा सुरू झाल्यावर.

आता दुसरी गंमत. खरं तर गंमत म्हणवत नाही. आखातात 'बॅचलर' हा शब्द फार चालतो. तुम्हाला वाटेल, लग्न न झालेला माणूस. छे! घरी बायको नि तीन मुलं असलेला माणूसही तिथे एकटा राहत असेल तर 'बॅचलर'च! असे सहा-आठ जण मिळून एक खोली घेतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक पलंग. त्याला म्हणतात 'बेड स्पेस'. असं का? तर संयुक्त अरब अमिरातीत (म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा वगैरे सात अमिराती) कुटुंब आणायचं तर महिना किमान ४,००० दिरहॅम पगार लागतो, किंवा ३,००० आणि राहायला जागा. त्याहून कमी कमावणाऱ्याला मुलं भेटतात ती सुट्टीवर आल्यावर. एरवी फोनवर. त्यातही तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. बाबा कामावरून येऊन, स्वयंपाक उरकून फोन करतात, तोवर इकडे धाकटी झोपलेली असते.

बरं, ज्यांचं कुटुंब तिथे आहे त्यांना तरी कायमचं घर मिळतं का? नाही. तिथे जन्मलं म्हणून भारतीय मूल काही तिथलं नागरिक होत नाही. त्याचा राहण्याचा परवाना आईच्या किंवा बाबांच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली आणि ठरावीक मुदतीत दुसरी मिळाली नाही, की सामान बांधायचं. शाळा, मैत्रिणी, बिल्डिंगखाली चालणारं क्रिकेट, सगळं मागे ठेवायचं.

आणि कधी कधी मुदतही मिळत नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेतवर हल्ला केला, तेव्हा तिथे हजारो भारतीय कुटुंबं होती. बँका बंद, दुकानं रिकामी. लोक बसनं, ट्रकनं इराक ओलांडून जॉर्डनमधल्या अम्मानला पोचले. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे दोन महिन्यांत लाखाहून जास्त माणसांना भारतात आणलं. त्यातली कितीतरी मुलं तिकडेच वाढलेली होती. ती 'परत आली' असं सगळे म्हणत होते. पण त्यांच्या दृष्टीनं ती घर सोडून आली होती!

अशा मुलांबद्दल अभ्यासही झालाय बरं का. १९५०च्या दशकात रूथ युसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई आपल्या कुटुंबासह भारतात आल्या. इथे काम करणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला. ही मुलं ना पुरती आईबाबांच्या देशातली, ना पुरती राहत्या देशातली. दोन्हींच्या मधलं तिसरंच काहीतरी त्यांचं असतं. म्हणून बाईंनी त्यांना नाव दिलं, 'तिसऱ्या संस्कृतीतली मुलं'. गंमत बघा, परदेशात वाढणाऱ्या मुलांचं हे जगप्रसिद्ध नाव जुळलं ते आपल्या देशातल्या अभ्यासातून!

तर आता तुमचा चुलतभाऊ. तिकडे तो 'इंडियन'. इकडे आला की 'दुबईवाला'. शाळेत अरबी शिकतो, हिंदी शिकतो. मराठी मात्र बहुतेक शाळांत नसतेच. घरी ऐकून ऐकून बोलायला येते, पण दुकानाची पाटी वाचताना अडखळतो. 'ळ'च्या जागी 'ल' म्हणतो आणि आपण खो खो हसतो. मग तो पुढचं वाक्य इंग्रजीत बोलतो आणि आपण म्हणतो, "शिष्ट आहे!" शिष्ट कुठला? घाबरलाय तो.

यंदा एवढं कराल?

एक : "तिकडे काय काय मिळतं?" हे विचारण्याआधी "तिकडे तुझे मित्र कोण?" हे विचारा. बघा, किती बोलायला लागतो ते.

दोन : शाळेतून आल्यावर त्याला खेळायला घेऊन जा. पावसात भिजायला त्याच्याइतकं खूश कुणीच होत नाही!

तीन : 'ळ' चुकला तर हसू नका. तुम्ही त्याच्याकडून अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहायला शिका. मग कोण कोणाला हसतं ते कळेल.

चार : वर्गात कुणाचे बाबा एकटेच तिकडे असतील, तर "बाबांनी काय आणलं?" असं विचारू नका. बाबा आले, हेच त्यानं मिळवलेलं असतं.

आणि दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी हे मस्कत, दोहा नाहीतर शारजात बसून वाचत असेल, तर त्यानं मला जरूर पत्र पाठवावं. शुद्धलेखनाची काळजी नको. 'ळ' नसला तरी चालेल!

पुढच्या आठवड्यात भेटूच.