स्पेनच्या किनाऱ्याने जाताना

आखातात किंवा युरोपात नोकरी करणारे आपले नातेवाईक हल्ली स्पेनला जायचा बेत करतात. यादी ठरलेली असते: कॉर्डोबाची मशीद, ग्रॅनाडाचा अलहंब्रा आणि शेवटी एक उसासा, ‘कधीकाळी हे सगळे आपले होते.’ मला हा उसासा पटत नाही. अंदलूस समजून घ्यायचा असेल तर महालांइतकाच वेळ भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याला द्यावा आणि तो मोटरहोमने, सावकाश पाहावा.

कुटुंबासाठी मोटरहोम सोयीचे असते. चूल आपली, त्यामुळे हलालची चिंता नाही. नमाजाची वेळ झाली की गाडी बाजूला घेता येते. पाण्याची टाकी मात्र छोटी असते. वुजूला किती पाणी पुरते, हे मुलांना तिथे न सांगता कळेल.

मालागाला गाडी घ्यावी आणि व्हॅलेन्सियाला परत करावी. अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे, दहा दिवस हाताशी ठेवावेत. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर फार गर्दी असते, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. भारतातून जाणाऱ्याने आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. मोटारीच्या साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. नीट पार्क केलेल्या गाडीत झोपायला सहसा हरकत नसते, पण बाहेर खुर्च्या मांडल्या किंवा छत उघडले की ते कॅम्पिंग ठरते आणि दंड होतो. समुद्राला लागून गाडी लावून राहायला बंदी आहे. प्रत्येक गावाचे नियमही वेगळे असतात, त्यामुळे मुक्कामाच्या जागा आधी ठरवाव्यात. सांडपाणी नेमलेल्या जागीच सोडावे.

आता थांबे. मालागाच्या पूर्वेला अल्मुन्येकार आहे. 755 मध्ये उमय्या घराण्याचा तरुण अब्दुर्रहमान इथे उतरला आणि पुढे कॉर्डोबाचा अमीर झाला. तो जीव वाचवत आला होता, आणि त्याच्या घराण्याची कत्तल करणारे अब्बासीही मुसलमानच होते. ‘आपले’ म्हणताना हेही आठवावे.

पुढे अल्मेरिया. टेकडीवर अब्दुर्रहमान तिसऱ्याच्या काळातला किल्ला आहे आणि शहराच्या पश्चिमेला मैलोन्‌मैल प्लॅस्टिकची हरितगृहे. तिथली भाजी युरोपभर जाते. ती पिकवणाऱ्या मजुरांत मोरोक्कोचे आणि आफ्रिकेतल्या इतर देशांचे अनेक लोक आहेत, आणि त्यांतले कितीतरी झोपड्यांत राहतात. किल्ला पाहून या लोकांकडे पाठ फिरवणाऱ्याने अल्मेरिया अर्धाच पाहिला.

तिसरा थांबा डेनिया. पण इथे येण्याआधी थोडे मागे जायला हवे. 1492 मध्ये ग्रॅनाडा पडले. त्यानंतर मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती केले गेले, त्यांना मोरिस्को म्हणत. 1567 मध्ये राजा दुसऱ्या फिलिपने ग्रॅनाडाच्या मोरिस्कोंची अरबी भाषा, पोशाख आणि हमामखाने यांवर बंदी घालणारा हुकूम काढला. दोन लिप्या शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा हुकूम कुठल्याही लढाईपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. कॅस्टिल आणि अरागोनमधले मोरिस्को तर स्पॅनिशच बोलत, काही जण ती अरबी लिपीत लिहीत. तरीही ते परकेच ठरले. 1609 पासून पाच वर्षांत सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढले गेले. त्यांतली पहिली जहाजे ज्या बंदरांतून निघाली, त्यांत डेनिया होते. जाणाऱ्यांत सुलतान कोणी नव्हता. बहुतेक शेतकरी आणि कारागीर होते, कित्येक पिढ्या तिथल्याच मातीतले.

शेवटी व्हॅलेन्सिया. तिथे गुरुवार साधावा. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याचे न्यायालय बसते. आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले पंच तोंडी तक्रार ऐकतात आणि तिथेच निकाल देतात. ही प्रथा अंदलूसच्या काळातली मानली जाते. 1238 मध्ये शहर जिंकणाऱ्या पहिल्या जाउमे या ख्रिस्ती राजानेही पाणीवाटपाचे जुने रिवाज मोडले नाहीत. कालव्याला स्पॅनिशमध्ये आजही ‘असेकिया’ म्हणतात, तो अरबी ‘अस्साकिया’च. बाजारात कलिंगड मागाल तर ‘सांदिया’ म्हणावे लागेल. अरबांनी त्याला सिंधचे फळ म्हटले, त्यावरून हे नाव आले.

म्हणजे तख्त गेले, माणसे हाकलली गेली आणि कष्टाने उभे केलेले तेवढे उरले. आपल्याकडे काही जण आपल्याला बादशहांचे वारस ठरवून परके करतात, आणि आपल्यातले काही जण बादशहांच्या आठवणीत रमून त्यांना साथ देतात. नाते सांगायचेच असेल तर मी डेनियाच्या धक्क्यावर पोरे-बाळे घेऊन उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याशी सांगेन. तो राज्य मागत नव्हता, फक्त स्वतःच्या गावात राहू द्या म्हणत होता. बेत आखताना अलहंब्राचे तिकीट जरूर काढा. पण डेनियाला एक रात्र ठेवा, आणि मुलांना विचारा, माणूस एखाद्या गावचा कशाने होतो?