पाऊस शिवारात, आकडा मंडलात : यंत्रं गावात आली, पण मोजमाप कोणाच्या हातात?

सातारा/सांगली : रात्री थ्री फेज आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, हे शिराळा, वाळवा, कराड, पाटण पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या नशिबालाच लागलेलं. उसात बिबट्या, बांधावर साप, वर चिखल. आता बऱ्याच ठिकाणी हे काम फोनवर होतं. स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड बसवलेलं असतं. घरातून फोन लावला की मोटर चालू. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर आपोआप बंद. फेज गेली तर तसा निरोप येतो. गावात याला कुणी सेन्सर म्हणत नाही. ‘मोबाइलचा ऑटो बसवलाय’ एवढंच म्हणतात.

शहरात असंच काही बसवलं की त्याला ‘स्मार्ट सिटी’ म्हणतात. केंद्र सरकारने जून 2015 मध्ये स्मार्ट सिटी योजना सुरू केली, देशातली 100 शहरं निवडली आणि मार्च 2025 अखेर योजना बंदही झाली. महाराष्ट्रातून पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, छत्रपती संभाजीनगर आणि पिंपरी-चिंचवड यांचा नंबर लागला. सातारा नाही, सांगली-मिरजही नाही. पण यादीत नाव नसलं म्हणून यंत्रं यायची थांबली नाहीत. धरणावर, पुलावर, डेअरीत, कारखान्याच्या काट्याखाली, द्राक्षबागेत, अगदी जमिनीच्या पोटातही ती बसली आहेत. (पाटण तालुक्यात गोठण्याजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलेलं आहे. त्याचं काम कराडजवळच्या हजारमाचीच्या संशोधन केंद्रातून चालतं. 1967 चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या पिढीला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.)

प्रश्न यंत्र आहे की नाही हा राहिलेला नाही. त्या यंत्राने दिलेला आकडा गावाला दिसतो का, आणि चुकला तर तो तपासून मागता येतो का, हा आहे. कारण इथल्या आकड्यावर कुणाचं घर खाली करायचं ते ठरतं, कुणाला भरपाई मिळायची ते ठरतं, आणि दुधाचा दर ठरतो.

आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीत पहिला प्रश्न हाच असतो. 1929 मध्ये बांधलेल्या या पुलाच्या खांबावरची पातळी म्हणजे शहराचं घड्याळच. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. नदीकाठच्या माणसाला आपल्या दारात पाणी कितीला येतं, हे पाठ असतं. त्यामुळे आकडा ऐकला की सामान माळ्यावर टाकायचं का जनावरं सोडायची, ते त्याचं तोच ठरवतो. यंत्रणेने दिलेल्या आकड्याचा इतका सरळ उपयोग दुसरीकडे क्वचितच होत असेल.

या आकड्यामागे मोठं जाळं आहे. कृष्णा आणि भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या मदतीने स्वयंचलित पर्जन्यमापक आणि नदीची पातळी मोजणारी यंत्रं बसवली. पुलाला टांगलेली एक पेटी पाण्याकडे लहरी सोडते. लहर आदळून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती वर आलं ते कळतं. माणसाने रात्रीबेरात्री पुलावर जाऊन पट्टी वाचायची गरज राहत नाही. वर कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस रोज मोजला जातो. 105 टीएमसीच्या कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे किती उचलायचे, याचा हिशेब त्या पावसावर बसतो. कोयनेचं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, तिथून बहे, भिलवडी करत सांगलीत येतं. पुढे हरिपूरला वारणा येऊन मिळते. म्हणून चांदोलीत पाऊस वाढला की सांगलीचं पाणीही लवकर उतरत नाही. पाटणचा आजचा पाऊस सांगलीला उद्याचा पूर असतो, आणि मधे मिळणारा वेळ हीच खरी कमाई.

तो वेळ 2019 मध्ये हातातून गेला. ऑगस्टच्या त्या आठवड्यात आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर चढलं. 2005 चा पूर 54 फुटांच्या आसपास होता. अनेक कुटुंबं ‘2005 ला आपल्याकडे आलं नव्हतं’ या हिशेबावर घरात थांबली, आणि पाणी तो हिशेब ओलांडून वर आलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ 8 ऑगस्टला बचावाची बोट उलटली, ती याच पुरात. आत्ता किती पाणी आहे, हे लोकांना तेव्हाही कळत होतं. उद्या सकाळी किती होईल, ते वेळेवर आणि समजेल अशा भाषेत पोहोचणं, तिथं घोडं अडलं. ‘इतके क्युसेक विसर्ग सुरू’ असा मेसेज फोनवर येतो, पण भिलवडीच्या किंवा औदुंबरच्या माणसाला क्युसेकचं काय करायचं? त्याला फूट पाहिजेत आणि वेळ पाहिजे. इतक्या वाजेपर्यंत तुमच्या घाटाला पाणी इतकं येईल, एवढंच. तेवढं सांगता येईल इतकी यंत्रं या खोऱ्यात आज बसलेली आहेत.

दुसरी अडचण डोंगरातली. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. अशा पावसात पहिल्यांदा वीज जाते, मग टॉवर बंद पडतो. ज्या तासाला आकडा सगळ्यात जास्त पाहिजे, त्याच तासाला तो पाठवणारं यंत्र मुकं होऊ शकतं. सोलर आणि बॅटरीवर चालणारं, मोबाइलची रेंज नसली तरी उपग्रहावरून निरोप देणारं यंत्र महाग पडतं हे खरं. पण घाटमाथ्यावर स्वस्त यंत्र लावून पैसे वाचले, असं म्हणणं धाडसाचं आहे.

एका मिलिमीटरचा वांदा

नदीचा आकडा निदान सगळ्यांसमोर असतो. पावसाच्या आकड्याचं तसं नाही, आणि जिल्ह्याच्या पूर्व भागात, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर, माण, खटाव इथं, जास्त राग त्याच्यावर आहे.

राज्याच्या कृषी विभागाने 2017 पासून ‘महावेध’ योजनेत महसूल मंडलनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. खांबाला बसवलेलं यंत्र पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग मोजतं आणि थेट पाठवतं. पाऊस मोजायची युक्ती साधी आहे. वर नरसाळं, खाली तराजूसारखी डुलणारी दोन छोटी वाट्यांची जोडी. एक वाटी ठरावीक पाण्याने भरली की कलते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलण्याची एक खूण नोंदली जाते. नरसाळ्यात पाला अडकला, कोळ्याने जाळं केलं, किंवा पाखराने घरटं घातलं, की पाऊस पडूनही वाटी कलत नाही. यंत्र खोटं बोलत नाही, पण आंधळं होऊ शकतं.

आता यावर काय अवलंबून आहे ते बघा. 24 तासांत मंडलात 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याचा रस्ता मोकळा होतो. फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात तर पंचनामाच नसतो. द्राक्ष, डाळिंबाला भरपाई मिळणार की नाही, हे नेमून दिलेल्या केंद्रावरचा पाऊस आणि तापमानच ठरवतं. मंडलात एका केंद्रामागे बरीच गावं. आणि दुष्काळी पट्ट्यातला वळीव कसा पडतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ओढ्याच्या अलीकडे ताली फुटतात आणि पलीकडे ढेकूळ भिजत नाही. केंद्र आठ-दहा किलोमीटरवर असेल, तिथं 60 मिलिमीटर नोंदले गेले असतील, तर ज्याच्या बागेत गुडघाभर पाणी साचलं त्याच्या नावापुढे ‘अतिवृष्टी नाही’ असंच लागणार. उलटंही होतं. केंद्राजवळ जोराचा पाऊस झाला म्हणून लांबच्या कोरड्या शिवारालाही लाभ मिळतो. तेव्हा मात्र कुणी तक्रार करत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

यातली सगळ्यात मोठी गंमत द्राक्ष पट्ट्यात दिसते. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या अनेक बागायतदारांनी स्वतःच्या पैशाने बागेत हवामान यंत्र बसवलंय. पान किती तास ओलं राहिलं, मुळाशी ओल किती, हे ते यंत्र मोबाइलवर सांगतं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस आला की डाऊनीची धास्ती असते. पान किती वेळ ओलं राहिलं यावरून रोगाचा अंदाज येतो, आणि नुसत्या भीतीपोटी मारलेली एखादी फवारणी वाचते. औषध, डिझेल, मजुरी वाचते, वर निर्यातीच्या मालात औषधाचा अंश राहायचा धोका कमी होतो. धंद्याला यंत्राची साथ म्हणतात ती ही. पण त्याच बागेत वाईट पाऊस झाला आणि बागेतल्या यंत्राने तो चोख नोंदवला, तरी विम्याच्या हिशेबात त्या नोंदीला किंमत शून्य. तिथं मंडलाचाच आकडा चालतो. कुणीही आपल्या यंत्रावर हवा तो आकडा आणू नये म्हणून असा नियम असणं समजण्यासारखं आहे. पण मग सरकारी केंद्र जवळ असायला पाहिजे, त्याची निगा राखली पाहिजे आणि त्याचा रोजचा आकडा गावात लावला पाहिजे, ही जबाबदारीही नियमाबरोबरच येते.

म्हशीच्या कानातला बिल्ला

यंत्राचा हिशेब दोन्ही बाजूंना फायद्याचा कसा ठरतो, याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. भिलवडीच्या चितळे डेअरीने, जिचा पाया 1939 मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी घातला, म्हशींना रेडिओ लहरींवर ओळखता येणारे बिल्ले लावले. कुठलं जनावर, त्याचं दूध किती, लस कधी, चारा काय, ही माहिती संगणकात जमा होऊ लागली आणि गोठ्याच्या मालकाला लसीचा, खाद्याचा निरोप मोबाइलवर जाऊ लागला. साध्या मेसेजच्या जमान्यातली ही गोष्ट आहे. डेअरीला चांगलं दूध पाहिजे होतं, शेतकऱ्याला निरोगी जनावर. माहिती दोघांच्या उपयोगाची निघाली म्हणून ती टिकली.

आता तर जनावरांच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला आणि 12 अंकी नंबर सक्तीचाच झालाय. त्याशिवाय बाजारात खरेदी-विक्रीला अडचण येते. पण नंबर टोचणं आणि त्या नंबरचा मालकाला उपयोग होणं, यात अंतर आहे.

गावातल्या डेअरीवर सकाळ-संध्याकाळ तेच दिसतं. मशीनमध्ये दुधाची नळी बुडवली की मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ स्क्रीनवर. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून निघतो. एक-दोन पॉइंट खाली आले की दर कापला जातो. मशीनची साफसफाई नीट झाली नाही किंवा ती वेळेवर तपासून जुळवून घेतली नाही, तर पॉइंट इकडचे तिकडे होतात. दहा लिटर घालणाऱ्या घरात महिन्याच्या शेवटी तोच किराण्याचा फरक असतो. पावती मागणं हा हक्क आहे. मशीन शेवटचं कधी तपासलं, हे विचारणंही त्यातच आलं.

उसाच्या काट्याचंही तेच. पूर्वीचे काटे जाऊन डिजिटल आले. गाडीच्या वजनाने खालचे लोड सेल किंचित दबतात, त्यातून विजेचा इशारा निघतो आणि पडद्यावर टन दिसतात. काटामारीचा आरोप मात्र डिजिटल काट्यावरही होतोच, कारण लोड सेलपासून पावतीपर्यंतच्या वाटेत काय आहे ते वाहनवाल्याला दिसत नाही. वैधमापन विभागाचं सील आणि भरारी पथकाची अचानक तपासणी, यावरच विश्वास टिकून असतो.

गावाच्या वाट्याचं यंत्र

पुढच्या काळात यंत्रं वाढणारच आहेत. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने उसात हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाची चित्रं वापरून पाणी-खताचा सल्ला देण्याचा प्रयोग चालवलाय. राज्य सरकारने जून 2025 मध्ये शेतीतल्या एआयसाठी 500 कोटींचं धोरण मंजूर केलं. सातारा-सांगलीच्या ऊसवाल्यांना त्यात रस असणं साहजिक आहे.

पण गावाच्या दृष्टीने जवळची गोष्ट वेगळी आहे. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतीच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक नेण्याचं ठरलंय. ओढ्याअलीकडचा आणि पलीकडचा पाऊस वेगळा मोजला जाण्याची ही पहिली संधी. यंत्र कुठं बसवायचं, हे ग्रामसभेने लक्ष घालून ठरवण्यासारखं आहे. झाडाखाली नको, पाण्याच्या टाकीच्या किंवा शाळेच्या भिंतीच्या आडोशाला नको, जिथं चारी बाजूंनी मोकळा पाऊस पडतो अशी जागा. भोवती तारेचं कुंपण. नरसाळं कोण साफ करणार, बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, हे फलकावर लिहिलेलं.

शिवाय शेजारी एक साधं, हाताने वाचायचं पर्जन्यमापक ठेवायला फारसा खर्च येत नाही. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्या वेळेला रोज मोजून वहीत लिहिलं आणि यंत्राचा आकडा त्याच पानावर शेजारी मांडला, तर पावसाळ्याच्या शेवटी गावाकडे तलाठ्यासमोर, कृषी सहायकासमोर आणि विमा कंपनीच्या माणसासमोर ठेवायला स्वतःची नोंद असेल.